तांबे, त्वचा आणि केस : कॉपर पेप्टाइडविषयी एक विवेचन

त्वचारोग विभाग

गेल्या पावसाळ्यात आपल्या रुग्णालयाच्या एका जुन्या देणगीदारांचे पत्र विश्वस्त मंडळाकडे आले. त्यांच्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले होते. केमोथेरपीच्या काळात केस गेल्याचे दुःख त्यांना आजाराच्या वेदनांइतकेच झाले होते, असे या सद्गृहस्थांनी लिहिले होते. पुढे ‘कॉपर पेप्टाइड’ नावाच्या द्रव्याविषयी काही मजकूर त्यांच्या वाचनात आला. या द्रव्याने सुरकुतलेली त्वचा टवटवीत होते आणि गेलेले केस पुन्हा उगवतात, असे त्यात म्हटले होते. पत्नीच्या स्मरणार्थ एक रक्कम द्यावी आणि तिच्यातून गरजू रुग्णांना हे औषध विनामूल्य मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. मंडळाने ते पत्र अभिप्रायासाठी आमच्या विभागाकडे पाठविले.

योगायोग असा, की त्याच सुमारास बाह्यरुग्ण विभागातही हा प्रश्न वरचेवर विचारला जाऊ लागला होता. निळसर रंगाच्या सीरमची लहानशी बाटली पिशवीतून काढून “डॉक्टर, हे लावू का?” असे विचारणारे रुग्ण आता नवे राहिलेले नाहीत. कोणी शेजारणीच्या सांगण्यावरून ते घेतलेले असते, तर कोणाच्या परगावी असलेल्या मुलाने पाठविलेले असते. या सर्वांना तपासणीच्या वेळी दोन-तीन मिनिटांत सविस्तर उत्तर देणे शक्य होत नाही. म्हणून देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या सर्वांसाठी या विषयाची माहिती वार्षिक अहवालाच्या निमित्ताने एकत्र मांडावी, असे ठरले. पत्राला विभागाने काय उत्तर दिले, तेही लेखाच्या शेवटी नमूद केले आहे.

शरीरातील तांब्याचे कार्य

तांबे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवघरातील कलश, पळी-पंचपात्र किंवा न्हाणीघरातला बंब येतो. परंतु हा धातू आपल्या शरीरातही असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात तांब्याचे प्रमाण साधारणतः शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभरही नसते. रोजची गरज एक ते दोन मिलिग्रॅम इतकीच असून तीळ, शेंगदाणे, डाळी, काजू आणि अखंड धान्ये यांतून ती सहज भागते. इतक्या अल्प तांब्यावर शरीरातील अनेक महत्त्वाची कामे अवलंबून आहेत. त्यांतील दोन आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत.

पहिले काम त्वचेच्या बळकटीचे. त्वचेच्या खालच्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. हे तंतू नुसते तयार होऊन भागत नाही. सुंभाचे पीळ एकमेकांत घट्ट बसल्याशिवाय जसा दोर होत नाही, तसे हे तंतूही एकमेकांशी जोडले जावे लागतात. ही जोडणी ‘लायसिल ऑक्सिडेज’ नावाचे विकर करते आणि तांब्याशिवाय त्याला हे काम करता येत नाही. दुसरे काम रंगाचे. केसांना आणि त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार करणारे ‘टायरोसिनेज’ हे विकरही तांब्यावरच चालते.

तांबे कमी पडले तर केसांचे काय होते, याचा उलगडा वैद्यकाला मेंढ्यांच्या लोकरीवरून झाला. १९६२ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन मेंकेस यांनी एकाच कुटुंबातील काही मुलग्यांच्या आजाराचे वर्णन केले. या बालकांचे केस राठ, पिळवटलेले आणि चटकन तुटणारे होते. त्यांच्या मेंदूची वाढ खुंटत असे आणि ती अल्पायुषी ठरत. कारण मात्र दहा वर्षे अज्ञातच राहिले. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील डॉ. डेव्हिड डँक्स यांना या केसांचे एका परिचित गोष्टीशी साम्य जाणवले. त्यांच्या देशात ज्या कुरणांच्या मातीत तांबे कमी असते, तेथे चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीची नैसर्गिक कुरळी घडण नाहीशी होऊन ती तारेसारखी ताठ होत असे. डँक्स यांनी बालकांच्या शरीरातील तांबे तपासले आणि ते अत्यंत कमी असल्याचे आढळले. आहारातील तांबे आतड्यांतून पुढे नेण्याची यंत्रणाच या मुलांमध्ये जन्मतः सदोष असते, असे नंतर स्पष्ट झाले. १९९३ मध्ये त्यामागील जनुकही सापडले.

तेव्हा त्वचा आणि केस यांना तांबे लागते, यात शंका नाही. परंतु मेंकेस यांचा आजार अतिशय दुर्मीळ आहे. आपल्याकडे केस गळण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांत तांब्याची कमतरता हे कारण क्वचितच सापडते. ज्याच्या घरी धान्याची कोठी भरलेली आहे, त्याला आणखी एक पोते दिल्याने त्याची भूक वाढत नाही. कॉपर पेप्टाइडविषयीच्या पुष्कळशा जाहिराती नेमक्या या ठिकाणी वाचकाची दिशाभूल करतात. ‘तांबे केसांना आवश्यक आहे’ हे सत्य सांगून त्या ‘म्हणून अधिक तांब्याने अधिक केस येतील’ असा निष्कर्ष त्याच्या गळी उतरवितात.

तीन मण्यांची माळ

आता ‘पेप्टाइड’ म्हणजे काय, ते पाहू. प्रथिने ही अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा असतात. अशा माळेचा लहानसा तुकडा म्हणजे पेप्टाइड. येथे ज्याची चर्चा आहे त्या पेप्टाइडमध्ये ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन असे तीनच मणी आहेत. त्यांच्या एकाक्षरी संकेतांवरून त्याला ‘जीएचके’ म्हणतात. या तीन मण्यांच्या माळेला तांब्याचे विलक्षण आकर्षण असते. तांब्याचा एक अणू तिच्या कुशीत बसला की तिला निळा रंग येतो आणि कॉपर पेप्टाइड तयार होते.

हे द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार करता येत असले, तरी मुळात ते माणसाच्या रक्तातले आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतील संशोधक लोरेन पिकार्ट यांनी ते रक्तद्रवातून वेगळे केले. वृद्धांच्या यकृताच्या पेशी तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्यास त्या तरुण पेशींप्रमाणे वागू लागतात, असे त्यांच्या निदर्शनास आले होते. तरुण रक्तातील हा गुण कशात आहे, याचा शोध घेताना हे लहानसे पेप्टाइड हाती लागले. पेशींना तांबे पुरविण्याचे काम ते करीत असावे, असा विचार १९८० मध्ये पुढे मांडला गेला. विशीत मिलिलिटरमागे सुमारे २०० नॅनोग्रॅम असलेले त्याचे रक्तातील प्रमाण साठीपर्यंत सुमारे ८० नॅनोग्रॅमवर येते, असे पिकार्ट यांच्या लिखाणात नमूद आहे.

१९८८ मध्ये फ्रान्समधील मॅकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्वचेच्या पेशींना या द्रव्याची अत्यल्प मात्रा दिल्यास त्या अधिक कोलॅजन तयार करतात. याच तीन मण्यांचा क्रम कोलॅजनच्या माळेतही आढळतो. त्यामुळे जखम होऊन कोलॅजन तुटते तेव्हा हा तुकडा सुटा होऊन ‘येथे दुरुस्ती हवी’ असा निरोप शेजारच्या पेशींना देत असावा, अशी एक उपपत्ती मांडली गेली. ती आकर्षक आहे आणि निराधारही नाही. म्हणूनच या द्रव्याकडे केवळ बाजारू क्लृप्ती म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. त्यामागे खरे विज्ञान आहे. प्रश्न एवढाच, की प्रयोगशाळेतील बशीत जे घडते, ते माणसाच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर कितपत घडते?

त्वचेविषयी पुरावा काय सांगतो?

पहिली अडचण आत शिरण्याची. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर हा बाहेरचे पदार्थ बाहेरच ठेवण्यासाठी निर्माण झालेला आहे. रेणूचा भार ५०० एककांहून अधिक असेल तर तो या थरातून सहसा पार होत नाही, असा एक ढोबळ नियम त्वचाशास्त्रात मानला जातो. कॉपर पेप्टाइडचा रेणूभार सुमारे ४०० आहे. म्हणजे या कसोटीवर ते उतरते. परंतु ते पाण्यात विरघळणारे आहे आणि त्वचेचा वरचा थर स्निग्ध आहे. तेलकट कापडावर पाणी टाकावे आणि ते वरच्या वर ओघळून जावे, तसा बराचसा भाग वरच राहतो. किती भाग आत जाईल, हे त्या त्या क्रीमच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणून एका उत्पादनाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

माणसांवर काही अभ्यास झालेले आहेत. २००२ मध्ये अमेरिकेत सादर झालेल्या एका अभ्यासात उन्हाने चेहऱ्याची त्वचा खराब झालेल्या ७१ स्त्रियांना बारा आठवडे हे क्रीम लावण्यास दिले गेले. त्वचेचा सैलपणा आणि बारीक सुरकुत्या यांत सुधारणा झाल्याचे त्यात नोंदविले आहे. त्याआधी, १९९८ मधील एका लहान अभ्यासात मांडीच्या त्वचेवर विविध क्रीमे लावून कोलॅजन मोजले गेले. कॉपर पेप्टाइड लावलेल्यांपैकी ७० टक्के, क जीवनसत्त्व लावलेल्यांपैकी ५० टक्के आणि रेटिनोइक आम्ल लावलेल्यांपैकी ४० टक्के व्यक्तींमध्ये वाढ दिसली. हे आकडे जाहिरातींत सर्वत्र आढळतात. परंतु ज्यांत सहभागी व्यक्तींची संख्या थोडी आणि कालावधी महिन्या-तीन महिन्यांचा आहे, अशा अभ्यासांवरून कायमस्वरूपी निष्कर्ष काढता येत नाहीत, हे त्यांच्यासोबत सांगितले जात नाही.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. चेहऱ्यावर लेसर उपचार घेतलेल्या तेरा रुग्णांपैकी काहींना नंतरच्या काळात कॉपर पेप्टाइडची प्रसाधने दिली आणि काहींना दिली नाहीत. ज्यांना ती मिळाली ते अधिक समाधानी होते. मात्र कोणी काय लावले याची कल्पना नसलेल्या तज्ज्ञांनी लालसरपणा आणि सुरकुत्या तपासल्या, तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्णाचे समाधान हेही मोलाचे असते, पण समाधान आणि परिणाम या दोन गोष्टी एकच नव्हेत.

जखमांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. १९९४ मध्ये मधुमेही रुग्णांच्या पायांच्या व्रणांवर या द्रव्याच्या जेलचा चांगला उपयोग झाल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु शिरांच्या विकारामुळे होणाऱ्या पायांच्या जखमांवरील मोठ्या चाचणीत ते अपेक्षेला उतरले नाही. औषध म्हणून त्याची वाटचाल तेथेच मंदावली आणि पुढे ते मुख्यतः सौंदर्यप्रसाधनांत दिसू लागले.

याउलट, उन्हाने येणाऱ्या सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइन या मलमाचा उपयोग १९८६ पासून अनेक अभ्यासांत तपासला गेला आहे. त्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे उन्हापासून संरक्षण. शेतात, बांधकामावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या आमच्या रुग्णांना छत्री, टोपी, डोक्यावरून घेतलेला पदर आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांनी जेवढे संरक्षण मिळते, तेवढे कोणत्याही बाटलीतून मिळणार नाही.

केसांविषयी पुरावा काय सांगतो?

केसांच्या बाबतीत पुरावा आणखी तोकडा आहे. १९९३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत कॉपर पेप्टाइडमुळे केसांची मुळे मोठी झाल्याचे दिसले. २००७ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी माणसाच्या डोक्यावरील केसांची मुळे शरीराबाहेर काढून पोषक द्रवात ठेवली. जीएचकेची बहीण शोभेल अशा ‘एएचके’ या पेप्टाइडची तांब्यासह अत्यल्प मात्रा दिल्यावर ती अधिक लांब वाढली. त्याच देशात २०१६ मध्ये टक्कल पडू लागलेल्या ४५ पुरुषांवर सहा महिन्यांची चाचणी झाली आणि केसांची संख्या वाढल्याचे आढळले. मात्र तेथे जीएचके एकटे नव्हते. त्याच्यासोबत दुसरे एक द्रव्य मिसळलेले होते. श्रेय कोणाला किती द्यायचे, हे त्यावरून ठरत नाही.

अनुवांशिक टक्कल पडण्यावर लावण्याचे मिनॉक्सिडिल अमेरिकेत १९८८ मध्ये आणि पुरुषांसाठी पोटात घेण्याचे फिनास्टेराइड १९९७ मध्ये मान्य झाले. दोन्हींच्या मागे शेकडो रुग्णांवरील चाचण्या आहेत. त्यांच्याही मर्यादा आणि दुष्परिणाम आहेत, म्हणून तीही वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. कॉपर पेप्टाइड त्यांची जागा घेऊ शकेल, असे आजच्या माहितीवरून म्हणता येत नाही.

केसांच्या बाबतीत फसगत होण्याचे आणखी एक कारण केसांच्या स्वभावातच आहे. निरोगी माणसाचेही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. मोठा ताप, डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात आणि घरातील सारे घाबरून जातात. परंतु मूळ कारण दूर झाले असेल, तर काही महिन्यांत ही गळती आपोआप थांबते आणि नवे केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने वाढतात. या काळात जे काही डोक्याला लावले असेल, त्याला यश मिळते. केमोथेरपीनंतरही बहुतेक रुग्णांचे केस उपचार संपल्यावर काही महिन्यांत स्वतःहून परत येऊ लागतात.

बाटलीच्या मागे दडलेले आजार

हे सर्व केवळ पैशांच्या अपव्ययाचे प्रकरण असते, तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. आमची खरी चिंता वेगळी आहे. ती स्पष्ट व्हावी म्हणून दोन रुग्णांची हकीकत ओळख न देता येथे सांगतो.

एक माउली आपल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीला घेऊन आली. मुलीचे केस झपाट्याने विरळ झाले होते. स्थळे पाहण्याचे दिवस जवळ आलेले, म्हणून आईने भिशीचे पैसे मोडून एकामागोमाग तीन बाटल्या आणल्या होत्या. मुलीच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, तेव्हा आतील भाग पांढुरका दिसला. मासिक पाळीत तिला अतिरक्तस्राव होत होता आणि ते तिने कोणालाही सांगितले नव्हते. रक्ततपासणीत लोहाची तीव्र कमतरता आढळली. स्त्रीरोग विभागात उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सहा महिन्यांनी ती आली तेव्हा तिला धाप लागत नव्हती. केसही भरून येऊ लागले होते. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

दुसरी हकीकत एका गृहस्थांची. गालावर एक फिकट चट्टा आणि विरळ होत चाललेली भुवई यांसाठी ते सात-आठ महिने ‘त्वचा तरुण करणारे’ क्रीम लावीत होते. चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरविला, तर त्यांना स्पर्श कळत नव्हता. तो कुष्ठरोग होता. बहुऔषधी उपचारांनी हा आजार पूर्ण बरा होतो आणि ही औषधेही शासनाकडून विनामूल्य मिळतात. परंतु त्या सात-आठ महिन्यांत हाताच्या एका मज्जातंतूला इजा पोहोचली होती आणि करंगळी वाकू लागली होती. ते शिवणकाम करून पोट भरीत. क्रीमने त्यांना काही अपाय केला नाही. गेला तो वेळ, आणि तो परत मिळण्याजोगा नव्हता.

तांब्याची दुसरी बाजू : पुण्याचा धडा

अलीकडे या द्रव्याची इंजेक्शनेही घेतली जाऊ लागली आहेत, म्हणून तांब्याच्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ही बाजू महाराष्ट्राला फार जवळून ठाऊक आहे.

एके काळी आपल्याकडे सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची बालके यकृताच्या एका घातक विकाराने दगावत. पोट फुगे, यकृत दगडासारखे टणक होई, कावीळ होई आणि काही महिन्यांत मूल जाई. एकाच घरातील एकाहून अधिक मुले जात. या आजाराचे नावच वैद्यकात ‘भारतीय बालकांचा यकृतकाठिण्य रोग’ असे पडले होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. या बालकांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असल्याचे आढळत होते. ते कोठून आले असावे, याचा शोध घेत ते स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. अशा घरांत बाळाला लवकर वरचे दूध सुरू होई आणि ते दूध पितळी वा तांब्याच्या भांड्यात उकळून ठेवले जाई. दुधातील प्रथिन भांड्याचे तांबे धरून ठेवते. १९८३ मध्ये ही माहिती ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. काही बालकांत अनुवांशिक प्रवणताही असावी, असे मानले जाते. पुढे मातांना भांडी बदलण्यास सांगितले गेले, स्टेनलेस स्टील घरोघर पोहोचले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. ज्यांचे निदान लवकर झाले, अशा काही बालकांना शरीरातील तांबे बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनने जीवदानही मिळाले.

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती ‘कळकते’, हे आपल्या आजीला पुस्तकावाचून ठाऊक होते. धातू तोच, पण आंबट पदार्थाच्या किंवा दुधाच्या संगतीने तो विषासमान होतो. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले साधे पाणी निरोगी प्रौढांना सहसा बाधत नाही. तान्ह्या बाळाचे दूध त्यात ठेवणे मात्र सर्वथा वर्ज्य आहे.

त्वचेवर लावलेल्या क्रीममधून शरीरात जाणारे तांबे अत्यल्प असते आणि त्यापासून विषबाधेचे भय बाळगण्याचे कारण नाही. अधूनमधून खाज किंवा लाली येते, एवढेच. इंजेक्शनची गोष्ट निराळी. त्वचेचा पहारा ओलांडून द्रव्य थेट आत जाते. त्याची शुद्धता, निर्जंतुकता आणि मात्रा यांची हमी नसते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये या पेप्टाइडच्या इंजेक्शनरूपाचा समावेश सुरक्षिततेविषयी शंका असलेल्या द्रव्यांच्या यादीत केला होता. आपल्याकडील १९४५ च्या औषधविषयक नियमांच्या ‘जे’ परिशिष्टातही टक्कल बरे करण्याचा आणि नवे केस उगविण्याचा दावा औषधांना करता येत नाही, अशी तरतूद आहे.

रुग्ण व नातेवाइकांसाठी काही सूचना

१. केस गळत असतील तर प्रथम कारण शोधावे. गेल्या तीन-चार महिन्यांतील ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, नवी औषधे आणि पाळीच्या तक्रारी डॉक्टरांना सांगाव्यात. रक्तातील लोह आणि थायरॉइड यांची तपासणी उपयुक्त ठरते.

२. बधिर चट्टा, भुवई विरळ होणे, डोक्यावर खवले किंवा पू असलेली जागा, गोल चकतीसारखे टक्कल यांपैकी काहीही असल्यास कोणतेही प्रसाधन लावण्यापूर्वी तपासून घ्यावे.

३. ज्यांना कॉपर पेप्टाइडचे क्रीम परवडते आणि लावण्याची हौस आहे, त्यांनी ते प्रसाधन म्हणून लावण्यास हरकत नाही. आधी कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस पाहावे. तीव्र आम्लयुक्त प्रसाधने किंवा क जीवनसत्त्वाचे सीरम त्याच वेळी लावू नये. आम्लाने तांबे पेप्टाइडपासून सुटते आणि तांब्याने क जीवनसत्त्व निकामी होते.

४. उघड्या जखमेवर, भाजलेल्या जागेवर किंवा शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर ते स्वतःहून लावू नये.

५. विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबे साठण्याचा विकार असलेल्यांनी ते टाळावे. नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीत तांब्याचा सहभाग असतो. त्यामुळे कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून ते वापरू नये.

६. या द्रव्याचे इंजेक्शन कोठेही, कोणाच्याही आग्रहाने घेऊ नये.

पत्राचे उत्तर

विभागाने देणगीदार महोदयांना वरील सर्व माहिती समक्ष भेटून दिली. कॉपर पेप्टाइड हे निरुपद्रवी आणि काही अंशी आश्वासक प्रसाधन आहे. परंतु दानाच्या पैशातून गरीब रुग्णाला औषध म्हणून देण्याइतका पुरावा त्याच्या पाठीशी नाही, आणि ज्या रुग्णांसाठी ते देऊ इच्छितात त्या कर्करोगग्रस्तांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी, असे आम्ही नम्रपणे सांगितले. ते बराच वेळ स्तब्ध होते. मग त्यांनी विचारले, “मग अशा बाईला त्या दिवसांत कशाची गरज असते?”

त्यांच्या या प्रश्नातून त्यांच्या पत्नीच्या नावाने सुरू झालेल्या योजनेचे स्वरूप ठरले. या निधीतून केमोथेरपी घेणाऱ्या गरजू स्त्रियांना केसांचा टोप किंवा सुती रुमाल दिले जातात. केस परत येतील, कधी येतील आणि तोवर डोक्याची काळजी कशी घ्यावी, हे परिचारिका त्यांना पहिल्या मात्रेपूर्वीच समजावून सांगतात. उर्वरित रकमेतून केसगळतीची तक्रार घेऊन येणाऱ्या गरीब रुग्णांची रक्त, लोह व थायरॉइड तपासणी आणि आवश्यक तेथे त्वचेचा तुकडा तपासणे विनामूल्य केले जाते. पुढे भक्कम पुरावा उपलब्ध झाला, तर कॉपर पेप्टाइडचा फेरविचार करण्यास विभाग सदैव तयार आहे.

आपण विश्वासाने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा विनियोग रुग्णाच्या खऱ्या हितासाठी व्हावा, हे आमचे कर्तव्य आहे. प्रसंगी ते देणगीदारांना नकार देऊन पार पाडावे लागते. तो नकार ज्या मोठ्या मनाने स्वीकारला गेला आणि त्याचे रूपांतर ज्या उपयुक्त कार्यात झाले, त्याबद्दल विभाग त्या सद्गृहस्थांचा ऋणी आहे. ज्यांच्या घरी एखादी निळी बाटली आणलेली असेल, त्यांनी ती घेऊन सोमवार ते शनिवार कोणत्याही सकाळी बाह्यरुग्ण विभागात अवश्य यावे. ती लावावी की नाही, हे आम्ही आधी रुग्णाला तपासून आणि मगच बाटली पाहून सांगू.